हो आई, चहा देते

सॅल्फर्ड, मँचेस्टरजवळ
मार्चचा पहिला रविवार

ती. बाबा व ती. सौ. आई यांस, शि. सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "म्हणजे इतक्या लांब चाय वाटूक गेलंस?" मी तोंड उघडायच्या आत तिकडची रेंज गेली. मेसेज टाकला असता, पण बाबांना चष्मा सापडेपर्यंत मेसेज कुठल्या कुठे वर सरकतो. म्हणून हे पत्र. दादाला शिरोड्याच्या बाजारातून प्रिंट काढून आणायला सांगितलंय.

तर हो, चहा देते. इथे टीव्हीच्या स्टुडिओत सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसाला रनर म्हणतात. पाहुण्याला गेटवरून आणायचं, मेकअपला बसवायचं, कोणाला साखर नको नि कोणाला दूध चालत नाही ते डोक्यात ठेवायचं. स्क्रिप्ट बदललं की नवीन पानं वाटायची, जुनी गोळा करायची, कारण एकाच्या हातात जुनं पान राहिलं तरी घोळ. आणि केबल गुंडाळायच्या. हे ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या आठवड्यात एका म्हाताऱ्या साउंडवाल्याने माझ्या हातातली केबल काढून घेतली आणि न बोलता दाखवलं: एक वळसा सुलटा, पुढचा उलटा, परत सुलटा. सगळे वळसे एकाच बाजूने घातले तर आतल्या तारांना पीळ बसतो आणि सोडताना केबल वेटोळी घेते. नीट गुंडाळलेली केबल टोक धरून फेकली की सरळ पसरत जाते. आता माझा हात बसलाय.

पगार नाही, तेही स्पष्टच लिहिते. हे काम माझ्या इथल्या कोर्सचाच भाग आहे, आणि अशा कामाला इथल्या कायद्याप्रमाणे किमान वेतन द्यावं लागत नाही. जाण्यायेण्याचं भाडं तेवढं मिळतं. मला हे पटत नाही. घरून पैसे येतात त्यालाच हे परवडतं, आणि माझ्या घरून पैसे कसे येतात ते मला माहीत आहे. पण अनुभव कागदावर लागल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही, म्हणून मुकाट्याने करते.

बाबांना ही जागा आवडली असती. जिथे आमचा स्टुडिओ आहे तिथे पूर्वी बंदर होतं. समुद्र इथून पुष्कळ लांब, पण जहाजं थेट शहरापर्यंत यावीत म्हणून यांनी 58 किलोमीटर लांबीचा कालवा खणला. तो 1894 साली सुरू झाला. कापूस यायचा, कापड जायचं. मग मालाची जहाजं कालव्यात मावेनाशी झाली, धंदा आटला आणि 1982 मध्ये गोद्या बंद पडल्या. आजोबा वेंगुर्ल्याच्या बंदरावरून बोटीने मुंबईला जायचे ते बाबा सांगतात ना? तीही बोट गेली. फरक इतकाच की इथे रिकाम्या धक्क्यांवर यांनी टेलिव्हिजन आणलं. 2011 पासून बीबीसीचे विभाग लंडनहून इकडे हलले. 1960 पासून चालू असलेल्या एका मालिकेचा सेटही पाण्यापलीकडे आहे. म्हणजे आई, तुझ्या सगळ्या मालिका एकावर एक रचल्या तरी पुरणार नाहीत!

बातम्या देणारी बाई एवढं सगळं पाठ कसं करते, हे तू नेहमी विचारतेस. पाठ नसतं. कॅमेऱ्याच्या भिंगासमोर एक तिरकी काच असते. खाली आडव्या ठेवलेल्या पडद्यावरची अक्षरं त्या काचेत उमटतात. ती बाई अक्षरं वाचते आणि काचेमागून कॅमेरा तिला बघतो. म्हणून ती थेट तुझ्याकडे बघून बोलतेय असं वाटतं. अक्षरं सरकवायला वेगळा माणूस असतो. बाई थांबली की तो थांबतो. आणि काकीला सांग, हवामानाच्या हिरव्या पडद्यासमोर हिरव्या बांगड्या घातल्या तर मनगटावर ढग दिसायला लागतात. तेव्हा हिरव्या चुड्याचा विषय इतक्यात नको.

आता खरं सांगायचं ते. गावात सगळे विचारतात, "टीव्हीवर कधी दिसणार?" मी दिसणार नाही. मला दिसायचंच नाही.

स्टुडिओच्या वर एक काळोखी खोली असते, तिला गॅलरी म्हणतात. समोर भिंतभर पडदे, प्रत्येक कॅमेऱ्याचा एक. दिग्दर्शक बोलत असतो, शेजारी एक बाई मोठ्याने सेकंद उलटे मोजत असते आणि मधोमध बसलेला व्हिजन मिक्सर बटणं दाबून ठरवतो की या क्षणी लोकांना काय दिसणार. गेल्या आठवड्यात लाइव्ह चालू असताना पाहुण्याचा माइक गेला. सुदैवाने तेवढ्यात रेकॉर्ड केलेली फिल्म लागणार होती. ती सुरू झाली आणि मी जादा माइकचा डबा घेऊन धावले. साउंडवाला पाहुण्याच्या पाठीमागे गुडघ्यांवर बसला, कोट वर केला, जुना डबा काढला, नवा लावला. स्टुडिओत इशारे देणारा फ्लोअर मॅनेजर बोटं दाखवत होता, पाच, चार, तीन. आम्ही दोघं कॅमेऱ्याखालून अक्षरशः रांगत बाहेर आलो आणि पडद्यावर पाहुणा हसून बोलायला लागला. घरी बघणाऱ्याला काही कळलंसुद्धा नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, इतकं बरं वाटत होतं.

मला त्या मधल्या खुर्चीत बसायचंय, बाबा. तुम्ही दशावतारात पायपेटीवर बसता तेव्हा तुमचे डोळे पेटीवर नसतात, राजाच्या तोंडाकडे असतात. लिहिलेली संहिता नसते. तो संवाद लांबवणार की आता पद घेणार, हे त्याच्या मानेवरून ओळखून तुम्ही सूर धरता. मी लहानपणी जत्रेत तुमच्या मागे पेंगत बसायचे तेव्हा हेच बघायचे. इथला मिक्सरही बोलणाऱ्याकडे तसाच बघतो, तो श्वास घेतो कधी, ऐकणारा मान हलवतो कधी. बाकी सगळं उलट. तुमचं नाटक पहाटेपर्यंत लांबलं तरी चालतं, इथे ठरल्या सेकंदाला संपलंच पाहिजे. पाहुणा वाहवत गेला की पुढच्या कोणाच्या तरी वेळेवर कात्री लागते.

मी मागे बसून बघायची परवानगी मागितली होती, ती मिळाली. महिन्याअखेर रिकाम्या स्टुडिओत बटणांना हात लावू देणार आहेत.

यातून नोकरी लागेलच असं मात्र धरून चालू नका. या धंद्यात कायमची कामं थोडी. बरेच लोक एका कार्यक्रमापुरते घेतले जातात, तो संपला की पुन्हा फोनची वाट बघायची. केबलवाला म्हातारासुद्धा असाच आयुष्यभर राहिला. कोर्स झाल्यावर काही काळ इथे काम शोधता येतं, तेवढं शोधेन. नाही जमलं तर मुंबईत स्टुडिओ आहेत. बाबांनी कर्जाच्या काळजीने वाडीतली झाडं ठेक्याने देऊ नयेत. दादाकडून मला कळलंय.

बाबांचा रक्ताचा रिपोर्ट आला असेल तर फोटो पाठवा, "बरो आसा" एवढं पुरणार नाही. आगळ पाठवू नका, बाटली सामानात फुटते. सोलं पाठवा. या महिन्याच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं एक तास पुढे करतात. मग तुमचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे माझे संध्याकाळचे पाच, आणि तेव्हा मी कामावर असते. तुमच्या दुपारी साडेबाराला फोन लावा, माझे सकाळचे आठ वाजलेले असतात.

तुमची,
बाय