कोनशिलेवर नकाशा काढणाऱ्याचं नाव का नाही? मंत्रिमहोदयांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री महोदय,
राज्यातल्या सरकारी इमारती ज्यांच्या खात्याकडून उभ्या राहतात त्यांना

विषय : आमच्या तालुक्याची नवी प्रशासकीय इमारत, तिच्या पायरीवर पडलेली माझी आई आणि कोनशिलेवर नसलेलं एक नाव

सविनय नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातला निवृत्त चित्रकला शिक्षक. 31 वर्षं एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना पोरं बसवली. आपला वेळ मोलाचा आहे हे जाणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. लिहायला बसलो तर हात थांबेना, तेव्हा लांबलं तर आधीच क्षमा मागतो.

मे महिन्यातला मंगळवार. वाटणीपत्रासाठी माझ्या 81 वर्षांच्या आईला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात न्यायचं होतं. अंगठा आणि फोटो तिचाच लागतो, माझ्या सहीवर भागत नाही. अकराला पोचलो. सर्व्हर डाऊन. कार्यालय पहिल्या मजल्यावर, लिफ्टच्या दाराला दोरी बांधलेली. मधल्या मोकळ्या जागेत बाकडं एकच आणि त्यावर सात माणसं. आई म्हणाली, "बाबा, जरा बाहेर सावलीला बसू." मी तिला हाताला धरून खाली आणलं, बाहेर आणलं, आणि मग दोघंही तिथंच थांबलो, कारण सावली नव्हतीच. इमारतीच्या चारही बाजूंनी काच, वर टोपीसारखं चार बोटंसुद्धा पुढं न आलेलं छप्पर, समोर पेव्हर ब्लॉक. पायऱ्यांना आरशासारखा पॉलिश केलेला काळा ग्रॅनाइट. कुणाच्या तरी बाटलीतलं पाणी तिसऱ्या पायरीवर सांडलेलं होतं. आईच्या पायात रबरी चप्पल. तिचा हात माझ्या हातातून कसा सुटला ते मला अजून कळलेलं नाही.

उजव्या खुब्याचं हाड मोडलं. लातूरला ऑपरेशन झालं, आत्तापर्यंत 1,38,000 रुपये गेले. पैशाचं जाऊ द्या. जी बाई परवापर्यंत पहाटे उठून अंगण झाडत होती, ती आता कूस बदलायलाही मला हाक मारते. हाक मारताना ओशाळते. ते बघवत नाही साहेब.

पंधरा दिवसांनी मी टेप घेऊन त्या इमारतीत परत गेलो. चित्रकलेचा मास्तर आहे, मापाशिवाय चैन पडत नाही. आपण म्हणाल, म्हातारीला रॅम्पवरून न्यायचं होतं. रॅम्प मोजला. 90 सेंटिमीटर चढ आणि लांबी 4 मीटर. अपंगांसाठीचा नियम एकास बाराचा आहे, म्हणजे तो रॅम्प 10 मीटर 80 सेंटिमीटर लांब हवा होता. 2016 साली देशात अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला. ही इमारत त्याच्या कितीतरी वर्षांनंतरची. त्या रॅम्पचा उपयोग सध्या शिपाई मोटारसायकल वर चढवायला करतात. मी उभा होतो तेवढ्या वेळात तीन चढल्या.

आत गेलो. काचेच्या भिंतीला आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. ती तिथल्या कारकुनांनी स्वतःच्या पैशानं खळ आणून चिकटवली आहेत, कारण दुपारी बारानंतर ऊन थेट टेबलावर येतं आणि संगणकाचा पडदा दिसत नाही. एका बाईंनी तर साडीचा तुकडा बांधला होता. आमच्याकडं मे महिन्यात पारा 42-43 वर असतो. काच ऊन आत घेते आणि तापलेली हवा आतच कोंडून ठेवते, हे मी सातवीच्या पोरांना शिकवत होतो. साहेबांच्या केबिनला एसी आहे. बाकी सगळे पंख्याखाली, आणि पंखा गरम हवा फिरवतो.

इथं पूर्वी निजामाच्या काळातली जुनी कचेरी होती. काळ्या दगडाची, दोन हात जाड भिंतींची, समोर लांबलचक ओसरी. ओसरीत अर्जनवीस बसत, स्टॅम्पवाले बसत, तारखेला आलेली माणसं भाकरीचं फडकं सोडून खात आणि तिथंच आडवी होत. अंगणात कडुनिंब होता. ती पाडली तेव्हा भूमिपूजनाच्या व्यासपीठावरून आम्हाला शब्द दिला गेला होता की जुना दगड नव्या इमारतीत वापरू, ओसरी ठेवू, झाडाला हात लावणार नाही. मी समोर चौथ्या रांगेत होतो, टाळ्या वाजवल्या होत्या. झाड पहिल्याच आठवड्यात गेलं. दगड कुठं गेला ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे, ते मी इथं लिहीत नाही. फलकावर खर्च 11 कोटी आहे, लोक 14 म्हणतात. चौदा नसेल, अकराच असेल. अकरा कोटीत एक ओसरी बसली नाही?

आता मी मुळावर येतो. मला राग आला तेव्हा हे कुणी काढलं हे मी शोधायला लागलो. कोनशिला वाचली. उद्घाटक, प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, विशेष उपस्थिती, अधिकारी, कंत्राटदार. नावं मोजली, 23 भरली. ज्यानं कागदावर ही इमारत काढली, ज्यानं ठरवलं की उंबऱ्याला छप्पर नको आणि पायरीला गुळगुळीत दगड हवा, त्याचं नाव नाही. कार्यालयात विचारलं तर म्हणाले, वरून आलंय. वरून म्हणजे कुठून? कुणी म्हणालं पुण्याची कन्सल्टन्सी, कुणी म्हणालं हाच नकाशा शेजारच्या दोन तालुक्यांत वापरलाय. मी जाऊन बघितलं. एका ठिकाणी खरोखरच हीच इमारत आहे, फक्त रंग वेगळा. तिथं दर्शनी भाग पश्चिमेला येतो. काढणाऱ्यानं जागेवर येऊन सूर्य कुठं मावळतो एवढंही बघितलं नाही.

साहेब, याच मराठवाड्यात, बीबी का मकबऱ्याच्या मुख्य दरवाजावर सतराव्या शतकातला लेख आहे. त्यात वास्तुविशारद अताउल्ला आणि बांधणी करणारा हंसपत राय, अशी दोघांची नावं आहेत. मुघल शाहजाद्यानं आपल्या आईसाठी बांधलेली कबर, आणि दारावर कारागिरांची नावं. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, तिचा आराखडा फैयाजुद्दीन यांनी केला हे लातुरातले जुने व्यापारी आजही सांगतात. शंभर वर्षांपूर्वीच्या बाजारपेठेचा आराखडा कुणी केला हे आम्हाला माहीत आहे, आणि काल उभ्या राहिलेल्या कचेरीचा नकाशा कुणी काढला हे तिथल्या अधिकाऱ्याला सांगता येत नाही.

मी शिक्षकांच्या सहलीबरोबर एकदा साबरमती आश्रमात गेलो होतो. तिथलं गांधी संग्रहालय वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांचं, 1963 सालचं. तेव्हा ते तिशीत होते. 6 मीटर बाय 6 मीटरचे चौक, विटांचे खांब, वर कौलं, काही चौक भिंतींचे, काही नुसते मोकळे, मधे पाण्याचं कुंड. खिडक्यांना काच नाही, लाकडी झडपा आहेत. छपरांच्या मधली काँक्रीटची तुळई वरून पन्हळीसारखी, म्हणजे ओझंही तीच पेलते आणि पावसाचं पाणीही तीच वाहून नेते. मी तिथं जमिनीवर तासभर बसलो. दुपारची वेळ होती आणि अंगाला वारा लागत होता. मला आमच्या वाड्याची ढेलज, दारातली बसायची जागा, आठवली. कोरियांनी काही जगावेगळं केलं नव्हतं. माणूस उन्हातून येतो, त्याला आधी टेकायला जागा लागते, एवढं त्यांनी ओळखलं होतं.

चंदीगड बांधायला वास्तुविशारद ल कार्बुझिए परदेशातून आला. त्याच्या शहराबद्दल माझे काही आक्षेप आहेत, चालत फिरणाऱ्या माणसाला ते शहर फार लांब पडतं. पण हायकोर्टावर त्यानं छत्रीसारखं दुसरं छप्पर उभारलं, खिडक्यांपुढं ऊन अडवणारे खोल कप्पे केले. बाहेरच्या माणसाला इथलं ऊन दिसलं. इंग्लंडात जन्मलेला वास्तुविशारद लॉरी बेकर केरळात राहिला, तिथलाच झाला, पुढं भारताचा नागरिक झाला. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचून मधे पोकळी ठेवायची, वीट वाचते आणि भिंतही कमी तापते, हे त्यानं सामान्यांच्या घरांत करून दाखवलं. बाळकृष्ण दोशी तर पुण्यात जन्मले. 2018 साली वास्तुकलेतला जगातला सर्वांत मोठा मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय. अहमदाबादेतल्या त्यांच्या स्वतःच्या कार्यालयाच्या छपरावर फुटक्या पांढऱ्या चिनी मातीचे तुकडे बसवलेले आहेत, ऊन परतवायला. भंगारातले तुकडे! म्हणजे पैशाचं कारण मला सांगू नका.

आणि दोशींचं नाव निघालं की मला भूकंपानंतर पुनर्वसित झालेली आमची गावं दिसतात.

30 सप्टेंबर 1993. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते, पहाटे चारच्या आत किल्लारीची जमीन हलली. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. माझे वडील गवंडी होते. आमच्याकडच्या भिंती म्हणजे बाहेरून एक दगडाचा थर, आतून एक, मधे माती आणि खडी, आणि वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं, ओझं. दोन्ही थरांना सांधणारा आरपार दगड कुणी घालत नव्हतं. भिंत मधून उकलली आणि माळवद अंगावर आलं. पुढं दोन वर्षं वडील गावोगाव जाऊन उभ्या राहिलेल्या भिंतींना आरपार भोकं पाडत होते, आत वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरत होते. हे त्यांना सरकारी इंजिनिअरनं शिकवलं होतं आणि त्या इंजिनिअरचं नाव ते मरेपर्यंत आदरानं घेत. रात्री जेवताना म्हणायचे, "एवढंच होतं रे. एवढंच आधी कुणी सांगितलं असतं तर." त्यांनी स्वतः बांधलेली किती घरं पडली, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

52 गावं नव्या जागी गेली. त्या वेळी सरकारनं, जागतिक बँकेनं, संस्थांनी जे केलं त्याबद्दल मी कृतघ्न नाही. पण ओळीत घरं, सरळ रस्ते, शहरातल्या कॉलनीसारखी. गोठा कुठं, कडबा कुठं, म्हातारी माणसं संध्याकाळी बसतील तो पार कुठं, हे विचारायला फारसं कुणी थांबलं नाही. लोकांनी पुढं पत्रे ठोकून सावल्या केल्या. त्याच्या आधीच इंदूरजवळ दोशींनी अरण्य वसाहत केली होती. गरिबाला जोतं, पाणी, संडास द्यायचं आणि पुढचं घर त्याला ऐपतीप्रमाणं, गरजेप्रमाणं वाढवू द्यायचं. ओटा, जिना, बाल्कनी ज्याची त्यानं करायची. तिथं आज 80,000 च्या वर लोक राहतात. लातूर ते इंदूर हे अंतर काही फार नाही. कुणी जाऊन बघून आलं असतं तर?

तुम्ही म्हणाल, मास्तर, आईच्या पायावरून कुठं निघालात. मी कुठंच गेलेलो नाही. सगळं एकच आहे. इथं बांधणारा आणि वापरणारा यांची गाठच पडत नाही. निविदा निघते, नकाशा वरून येतो, काच परवडते कारण ती लवकर बसते आणि फोटोत चमकते, बिल निघतं, फीत कापली जाते. त्यानंतर तिथं रोज आठ तास बसणारी कारकून बाई आणि वर्षातून एकदा येणारी म्हातारी कुणाच्या हिशेबात नसतात. चांगलं बांधलेलंही आपण टिकवत नाही. दिल्लीतलं हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शनगृह, वास्तुविशारद राज रेवल यांचं आणि अभियंता महेंद्र राज यांचं, 1972 सालचं, 2017 च्या एप्रिलमध्ये जमीनदोस्त केलं. अहमदाबादच्या आयआयएममधली वास्तुविशारद लुई कान यांची वसतिगृहं पाडायची नोटीस 2020 च्या डिसेंबरात निघाली, जगभरातून आरडाओरडा झाला म्हणून तेव्हा थांबली. आमच्या कचेरीसाठी जगभरातून कोण ओरडणार होतं? तिला बांधणाऱ्याचं नावही आम्हाला माहीत नव्हतं. एक अर्जनवीस तेवढा पाडायच्या दिवशी रडला. मी पाहिला.

माझी मागणी फार मोठी नाही. त्या पायऱ्यांना उद्याच्या उद्या खरखरीत पट्ट्या आणि कठडा लावा. दारापुढं दहा हात तरी सावली करा, पत्र्याची चालेल. लिफ्टची दोरी सोडा. आणि यापुढं तुमच्या खात्याच्या प्रत्येक कोनशिलेवर, सगळ्यांच्या वर, नकाशा काढणाऱ्याचं नाव आणि गाव कोरा. तेवीस नावांत चोविसावं मावेल. त्या माणसाला मला शिव्या द्यायच्या नाहीत. त्याला आईच्या खाटेशी आणून बसवायचं आहे आणि विचारायचं आहे की बाबा, तू काढत होतास तेव्हा तुझ्या डोळ्यांपुढं त्या पायरीवरून कोण चालत होतं?

आईचं वाटणीपत्र अजून राहिलेलंच आहे. कार्यालयात चौकशी केली. आजारी माणसाच्या घरी येऊन अंगठा घेण्याची सोय आहे म्हणाले, पण त्यासाठी तसा अर्ज आणि डॉक्टरांचा दाखला पहिल्या मजल्यावर समक्ष आणून द्यावा लागतो. सोमवारी जाणार आहे. माझंही वय 61 आहे आणि लिफ्ट परवापर्यंत तरी बंदच होती.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
जिल्हा लातूर