‘श्रावणबाळ’च्या २१ हजारांच्या अटीचे काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

राज्य सरकारच्या, गरीब वृद्धांसाठीच्या श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये हवे असतील तर वय ६५ पूर्ण आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत लागते. म्हणजे महिन्याला १,७५०, दिवसाला ५७ रुपये. २०२३ मध्ये अनुदान हजारावरून दीड हजार झाले, ते बरेच झाले. अट मात्र आहे तिथेच.

आमच्या गल्लीत एक काका आहेत. सातपूरच्या कारखान्यात तीस वर्षे लेथवर काढली. हयातीच्या दाखल्याला अंगठा लावतात तेव्हा मशीन तीन-तीनदा नाही म्हणते. रेषा लेथने नेल्या. ईपीएस-९५ ची (पीएफबरोबरची कामगारांची पेन्शन योजना) पेन्शन महिना १,८२० रुपये. त्यात नवरा-बायको दोघे. वर्षाचे झाले २१,८४०, म्हणून ८४० रुपयांसाठी काका योजनेबाहेर! उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेले तर तिथल्या पोराने कानात सांगितले, “काका, पेन्शन दाखवूच नका.” काका उठून घरी आले. या वयात खोटे लिहून देणार नाही म्हणतात. काकूंना ते पटलेले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही त्यांना काय सल्ला द्यावा ते कळत नाही. खरे बोलणाऱ्यालाच बाहेर ठेवणारा हा नियम आहे.

आता दुसरी गंमत पाहा. लाडकी बहीण योजनेतही रक्कम तीच, १,५००, पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. ही योजना वयाच्या ६५ वर्षांपर्यंतच. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी लवकरच पासष्टी ओलांडतील. मग श्रावणबाळचा अर्ज आणि मर्यादा २१ हजार! गुडघे गेले, कामे सुटली की बाईने आणखी बारापट गरीब होऊन दाखवायचे, असा याचा अर्थ. (केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनचा वाटा ऐंशीच्या आत महिना २०० रुपये आहे. त्यावर काय लिहावे?)

सिंहस्थाच्या निमित्ताने मंत्र्यांच्या नाशिकफेऱ्या सुरूच आहेत. एखाद्या बैठकीत आमच्या आमदारांनी हा विषय काढावा. मर्यादा वाढवावी, तोवर निदान ईपीएसची तुटपुंजी पेन्शन उत्पन्नात धरू नये.

आपला,
एक निवृत्त कामगार, सातपूर, नाशिक