ग्लेन्कोचे खापर एकट्या कॅम्पबेलांवर नको

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील स्कॉटलंडच्या ग्लेन्को हत्याकांडावरचा लेख वाचला. १३ फेब्रुवारी १६९२ च्या पहाटे कॅम्पबेलांनी ज्या मॅकडोनाल्डांचा पाहुणचार घेतला त्यांच्याच जिवावर ते उठले, आणि याचे कारण दोन कुळांचे जुने वैर, असा लेखाचा सूर आहे. वैर होतेच. पण सगळा दोष त्यावर टाकला की खरे सूत्रधार सुटतात.

मॅकडोनाल्डांचा म्होरक्या मॅकइयन याने १ जानेवारीपर्यंत राजा तिसरा विल्यम याच्याशी निष्ठेची शपथ घ्यायची होती. ३१ डिसेंबरला तो फोर्ट विल्यमला पोहोचला. तिथल्या अधिकाऱ्याने, शपथ देणे माझ्या अखत्यारीत नाही, असे सांगून त्याला इन्व्हरेरीला धाडले. ६ जानेवारीला तिथे त्याची शपथ घेतली ती शेरीफ कॉलिन कॅम्पबेल याने! त्याने कागद एडिंबरोला रवाना केले, आणि तिथे उशीर झाला म्हणून ती शपथ नामंजूर झाली. कत्तलीचा आग्रह मंत्री जॉन डॅलरिंपल याचा. तो कॅम्पबेलही नव्हता आणि डोंगराळ मुलखातलाही नव्हता. आदेशावर सही राजाची होती. सैनिक कॅम्पबेल कुळाचा प्रमुख आर्गाइल याच्या रेजिमेंटचे आणि कप्तान रॉबर्ट कॅम्पबेल, हे खरे. त्यांचे पाप कमी होत नाही.

आर्गाइलचे घराणे विल्यमच्या बाजूला का होते, हे लेखात येतच नाही. राजा पहिल्या चार्ल्सने १६३७ मध्ये स्कॉटिश चर्चवर नवे प्रार्थनापुस्तक लादले. पुढच्या वर्षी ग्लासगोच्या धर्मसभेने बिशपच हटवले; राजाचा प्रतिनिधी उठून गेला, आर्गाइल घराण्याचा प्रमुख आर्चिबाल्ड कॅम्पबेल मात्र बसून राहिला. १ जानेवारी १६५१ रोजी त्यानेच दुसऱ्या चार्ल्सच्या डोक्यावर मुकुट ठेवला आणि १६६१ मध्ये त्याच चार्ल्सच्या राज्यात त्याचा शिरच्छेद झाला. त्याच्या मुलाने पदाधिकाऱ्यांना सक्तीची केलेली १६८१ ची शपथ, ‘प्रोटेस्टंट धर्माशी जुळेल तेवढीच’, असे म्हणून घेतली. तेवढ्यावर तो राजद्रोही ठरला. तुरुंगातून निसटला, १६८५ मध्ये कॅथलिक राजा सातव्या जेम्सविरुद्ध उठला आणि वधस्तंभावर गेला. नातवाने १६८९ मध्ये जेम्सच्या जागी प्रोटेस्टंट विल्यम आणि मेरी यांना स्कॉटलंडचा मुकुट देऊ केला, त्यामागे हे दोन बळी होते.

घराण्याला धुऊन काढण्याचा माझा हेतू नाही. १६४६ मध्ये डनूनला, अभय देऊन शरण आणलेल्या लॅमाँट या दुसऱ्या कुळातल्या शंभरावर लोकांना कॅम्पबेलांनी ठार केले. तो गुन्हा निखळ त्यांचा, आणि त्याचा लेखात एका शब्दानेही उल्लेख नाही.

ग्लेन्कोबद्दल १६९५ च्या चौकशीने ‘खून’ हाच शब्द वापरला, दोष डॅलरिंपलवर ठेवला आणि राजाला हात लावला नाही. डॅलरिंपलला मंत्रिपद सोडावे लागले. पण १७०३ मध्ये त्याला अर्ल हा सरदारकीचा किताब मिळाला. पुरवणीत या चौकशीवर एक स्वतंत्र लेख द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, सांगली