महत्त्वाच्या कामाला बस, बिनकामाला जीप

बेळगाव, रविवार रात्र

बाळा,

परवा फोनवर तू विचारलास, बाबा गाडी घेताना रिलायबल बघू का मजा बघू, आणि मी म्हटलं जेवण झालं की सांगतो, आणि मग सांगायचं राहूनच गेलं. खरं तेव्हा मुद्दामच टाळलं मी. तुझी आई शेजारी बसली होती आणि जीपचा विषय निघाला की तिची चकलीची गोष्ट सुरू होते, मग आपलं बोलणं कुठल्या कुठं जातं. आता ती झोपलीय, मी बाहेर कट्ट्यावर बसून मोबाईलवर टाईप करतोय, चुका झाल्या तर समजून घे.

तू पाठवलेले फोटो बघितले. एक मारुतीची नवी जिम्नी आणि एक ती महिंद्राची जुनी सीआरडीई डिझेल थार, लिफ्ट केलेली, ढब्बू टायर, वर लाईटचा पट्टा. थार दिसायला एक नंबर आहे, नाही म्हणत नाही. मीसुद्धा फोटो झूम करून करून बघितला. आणि तू म्हणूलालास, जिम्नी चांगली आहे खरं बोअर आहे. बरं.

आपली जीप तुला आठवते का रे? तू दुसरी-तिसरीत असशील. 1996 साली घेतली मी, सेकंडहँड डिझेल, वर कॅनव्हासचं हूड, दाराला काच नाही, पावसात प्लॅस्टिकचा पडदा. तेव्हा उद्यमबागला शॉप नुकतं टाकलं होतं, दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन, हप्ते चालू, आणि त्यात मी जीप घेऊन आलो. आजोबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. खरं दर रविवारी आम्ही चार-पाच जण जांबोटीवरून कणकुंबीकडं, नाहीतर चिगुळ्याकडं. जुलैत तिकडं कसला पाऊस असतोय तुला माहीतच आहे, मलप्रभा तिथंच उगम पावते, रस्ता आणि ओढा यात फरक राहात नाही. हब्बनहट्टीला मारुतीचं देऊळ पाण्याखाली गेलेलं बघायचं, थांबून वडा खायचा आणि परत यायचं. बस, एवढीच मजा. त्यात काय मजा ते कुणाला समजावून सांगता येत नाही.

आणि ती बंद पडायची. एकदा नाही, किती वेळा त्याचा हिशोबच नाही. डिझेलच्या लाईनची रबरी पाईप चिरली होती, तिथून एअर धरायची. इंजिन आधी कुंथायचं, मग हुक्के द्यायचं, मग गप्प. मग बॉनेट उघडायचं, फिल्टरवरचा एअरचा बोल्ट 13 च्या पान्यानं ढिला करायचा आणि फीड पंपाचा खटका बोटानं मारत बसायचं. पहिल्यांदा नुसता फेस येतो, बुडबुडे, मग हळूहळू निवळशंख डिझेल यायला लागतं, ते आलं की बोल्ट आवळायचा आणि सेल्फ मारायचा. हाताला तो वास दोन दिवस राहायचा. चिरेवर आंघोळीचा साबण चोळायचा, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधायची, घरापर्यंत पोचायची. चार मित्र, वर पाऊस, कुणी टॉर्च धरलाय, कुणी शिव्या घालूलालाय. खोटं कशाला बोलू, बंद पडायची त्यातसुद्धा मजा होती.

आता चकली. 1999 साली तुझ्या मावशीचं लग्न, नवऱ्यामुलाच्या दारात, चंदगडला, जूनचा पहिला आठवडा. रुखवत जीपमधून न्यायचं असं मीच पुढं होऊन सांगितलं. टेंपो कशाला, आपली जीप आहे की! शिनोळीच्या पुढं गेलो आणि एअर धरली. तेवढ्यात पाऊस. साबण लावला, पट्टी बांधली, दोन किलोमीटर गेलो, परत बंद. परत तेच. असं पाच-सहा वेळा. हुडाला मागं भोक होतं ते मला माहीत होतं, त्याखाली चकल्यांचा डबा ठेवलाय ते माहीत नव्हतं. अक्षता पडून गेल्यावर आम्ही पोचलो आणि चकल्या ओल्या पोह्यासारख्या झालेल्या. तुझी आई तेव्हा काही बोलली नाही. त्यानंतर 25 वर्षं बोलतेय.

खरं मी जीप त्यामुळं विकली नाही. ती आणखी चार वर्षं ठेवली. विकली ती एका वेगळ्याच गोष्टीमुळं, आणि तेच तुला सांगायचंय.

एकदा पुण्याला एका कंपनीत सॅम्पल पीस दाखवायला जायचं होतं, मोठी ऑर्डर मिळायची शक्यता होती. पीस गोणपाटात बांधले आणि सकाळी उठून मी सरळ स्टँडवर जाऊन बसमध्ये बसलो. जीप दारात उभी होती. तिचा विचारच मनात आला नाही. निपाणीच्या पुढं गेल्यावर लक्षात आलं, अरे, आपण जीप आणलीच नाही. मग आठवायला लागलो तर तुझ्या शाळेच्या ॲडमिशनला रिक्षा, आजीला डोळे दाखवायला शेजाऱ्यांची गाडी, बँकेत हप्ता भरायला स्कूटर. म्हणजे महत्त्वाचं काम असलं की बस, बिनकामाचं असलं की जीप. गाडीवर आपला विश्वास किती आहे ते तोंडानं सांगता येत नाही, तिला घरी ठेवून आपण कधी जातो त्यावरून कळतंय. मी सगळ्यांना सांगत फिरायचो की जीप म्हणजे जीप, आणि स्वतः मात्र बसचं तिकीट काढत होतो.

2003 साली विकली. मग ती पांढरी छोटी गाडी घेतली, तुला ती चांगली आठवत असेल. 11 वर्षं वापरली. एकदाही रस्त्यात उभी केली नाही तिनं, तुझ्या बारावीला, आजोबांच्या ऑपरेशनला, शॉपच्या मालाला, सगळीकडं. आणि तुला एक सांगू, त्या गाडीची एक गोष्ट मला आठवत नाही. एकसुद्धा. विकताना कागदावर सही केली आणि चहा पिऊन घरी आलो. जीप विकली तेव्हा दोन दिवस शॉपवर मन लागलं नव्हतं. म्हणून तू बोअर म्हणूलालास ते मला कळतंय, उगी म्हाताऱ्यासारखं सेफ घे सेफ घे असं मी म्हणणार नाही.

आता तुझ्या त्या थारकडं येतो. जुनी गाडी म्हणून मी घाबरत नाही. आमची जीप दहा वेळा बंद पडली तर दहाही वेळा रस्त्यावरच सुरू झाली, कारण तिच्यात बिघडायला होतं काय? डिझेल आणि हवा मिळाली की चालायची, पाना आणि तार पुरेशी. सीआरडीई म्हणजे कॉमन रेल, त्यात डिझेल प्रचंड प्रेशरनं इंजेक्टरला जातंय, आणि कधी किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. चांगलीच गोष्ट आहे, पिकअप चांगला, धूर कमी. खरं तिथं साबण चालत नाही. सेन्सरची एक वायर गेली तर स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाही, आणि कणकुंबीला स्कॅनर कुठनं आणणार? नवी असताना त्याची गरजच पडत नाही. तू घेणार ती मात्र नऊ-दहा वर्षांची, आणि तिचं वायरिंग कुणीतरी लाईटचा पट्टा लावायला मध्येच कापून जोडलंय, तिसऱ्या फोटोत बॅटरीजवळ काळी टेप दिसते बघ. म्हणजे जुन्या गाडीचं वय आणि नव्या गाडीचं डोकं, दोन्हीतलं अवघड तेवढं तुझ्या वाट्याला.

आणि ते टायर. चाकं बाहेर काढलीत, स्पेसर म्हणजे चाकामागं जाड चकत्या घातलेत. लेथवर जॉब चकच्या बाहेर जास्त काढला की काय होतं ते तू लहानपणी शॉपवर बघितलायस, थरथरतो. इथं तसंच, भार बेअरिंगपासून लांब गेला, आता बेअरिंग, बॉल जॉइंट, स्टिअरिंगचे रॉड सगळे रोज जास्त ओढ सोसतात. टायर मोठं झालं की गेअरसुद्धा जड होतात, घाटात पहिल्यासारखी ओढत नाही आणि स्पीडोमीटर खरं स्पीड दाखवत नाही. शिवाय कंपनीनं दिलेल्या रचनेत आरटीओला न विचारता बदल केलेला चालत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, 2019 साली सुप्रीम कोर्टानंसुद्धा तेच सांगितलंय. उद्या कुठं ठोकली आणि इन्शुरन्सवाल्यानं फोटो मागितले तर काय सांगशील?

तरी बघायला जाणारच असलास तर आधी खाली झोप. कपडे घाण झाले तर होऊ देत. चेसीच्या आतल्या बाजूला बोट फिरव, लाल माती अडकून बसली असेल तिथं गंज असतोय. मग डिफरन्शियलचा, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गेअरच्या गोळ्याचा, फिलर बोल्ट खोलायला लाव आणि बोट घाल. ऑईल काळपट निघालं तर हरकत नाही, खरं दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाण्यात घालून आत पाणी शिरलंय आणि त्यांनी बदललेलं नाही, तिथनंच परत फिर. आणि मालकाला सहज विचार, फोर हाय, म्हणजे चारही चाकांना ओढ देणारा गेअर, कधी कधी टाकता? कोरड्या हायवेलासुद्धा टाकतो म्हणाला तर समजून जा. त्या गाडीत पुढचा आणि मागचा ॲक्सल फोर व्हीलमध्ये एकमेकाला घट्ट बांधला जातोय. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर जातात, मागची कमी. चिखलात चाक थोडं घसरून ते भरून काढतं, कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नाही, मग सगळा ताण दोन्ही ॲक्सलना ओढ वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसच्या गेअरवर. जिम्नीलासुद्धा हेच लागू आहे, ती घेतलीस तर तूसुद्धा असला शहाणपणा करू नकोस.

आता जिम्नी. मी परवा शोरूमला जाऊन आलो, तुला सांगितलं नाही. बारकी दिसते खरं खाली वाकून बघितलं तर सगळं खरंखुरं आहे, लॅडर चेसी, दोन्ही ॲक्सल सॉलिड, लो गेअरचा वेगळा दांडा. जुन्या जिप्सीचीच पुढची पिढी ती, आणि जिप्सी म्हणजे काय ते इथं कॅम्पात मराठा लाईट इन्फंट्रीच्या पोरांना विचार. वजन साधारण 1200 किलो, हलकी आहे म्हणून चिखलात बुडत नाही, वरून तरंगत जाते. इंजिन 1.5 लिटर पेट्रोल, 105 हॉर्सपॉवर, हेच इंजिन अर्टिगाला आणि सियाझला होतं, त्यामुळं ते खोललेला मिस्त्री सगळीकडं भेटतो. वाईट काय? गेअर पाचच, त्यामुळं पुणे-बेळगाव हायवेला शंभरला इंजिन ओरडत राहणार. आणि डिकी एवढीशी, मागची सीट उभी असली तर दोन बॅगा आणि कुंद्याचे चार डबे, संपलं. 2025 मध्ये जपानात हीच पाच दाराची आपल्याकडनं बनवून पाठवली तर थोड्या दिवसात सुमारे 50,000 ऑर्डर आल्या आणि त्यांनी बुकिंग बंद केलं. इथं शोरूममध्ये माझ्याशिवाय गिऱ्हाईक नव्हतं.

तुझ्या आईलाही नेलं होतं, बाजारात जाऊया म्हणून. मागच्या दारानं चढली, गुडघा धरला एकदा, बसली, आणि म्हणाली वर छप्पर आहे ना नीट? त्या जुन्या थारमध्ये मागनं चढून आडव्या बाकावर बसायचं असतं, ते तिला या जन्मात जमणार नाही. म्हणजे ती थार घेतलीस तर आई त्यात बसणार नाही, हे किमतीत धर.

माझं मत विचारशील तर सगळं एका गोष्टीवर अडलंय, तुझी आत्ताची छोटी गाडी विकणार का ठेवणार. ती ठेवून, पार्किंगची सोय करून, वर्षाला थोडे पैसे खड्ड्यात घालायची तयारी ठेवून जुनी थार घेत असलास तर खुशाल घे, मी स्वतः वायरिंग काढून नव्यानं घालून देतो. तो छंद झाला, छंदाला कुणी रिलायबल आहेस का विचारत नाही. खरं तू म्हणूलालास की ती विकून ही घेणार. मग सूनबाईला रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली, सोमवारी नऊला मीटिंग असली, तर तू ओलाच बुक करणार. मी बसमध्ये बसलो तसा. एकच गाडी असणार असेल तर जिम्नी. आणि बोअर वाटली तर ते तिच्यामुळं नाही, तू तिला डांबरावरून खाली उतरवत नाहीस म्हणून.

फिरायला जाशील तेव्हा एक लक्षात ठेव, भीमगडच्या बाजूला आता वाटेल तिथं गाडी घालायची नाही, 2011 पासून अभयारण्य आहे, आमच्या वेळचं वेगळं होतं. आणि एमएच पासिंगची गाडी इथं बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर केए नंबर करून इथला टॅक्स भरावा लागतो, आणि कर्नाटकचा टॅक्स काही कमी नाही, तेव्हा कुठलीही घेतलीस तरी पुण्यालाच ठेव, इथं आणून लावायची भानगड नको.

पुढच्या शनिवारी येणार आहेस ना, तर दुपारच्या आत ये. शोरूमवाल्याला मी टेस्ट ड्राईव्हचं सांगून ठेवलंय, जांबोटीपर्यंत न्यायला देतो म्हणालाय, बघूया. जुन्या जीपचा टूलबॉक्स माळ्यावरून काढलाय, गंजलाय सगळा, 13 चा पाना तेवढा चांगला राहिलाय. आई विचारत होती येताना काय करून ठेवू, मी म्हटलं चकल्या कर. ती हसली नाही.

तुझे
बाबा