आमच्या तलाठी काकांना मनापासून थँक्यू

काका, तुम्ही फोनवर आभार मानू देत नाही, लगेच "ठेव गं" म्हणता, म्हणून हे इथं लिहायलेय.

आईनं गावाकडची तिच्या वाटणीची जमीन विकली, त्यात माझं कर्ज, एवढ्यावर आम्ही दोघी छत्रपती संभाजीनगरात घर बघायला निघालो होतो. शहरातल्याच सातारा भागातलं रो हाऊस बघताक्षणी आवडलं, मागं डोंगर, पुढं मोठं अंगण, आई तर तुळस कुठं लावायची तेही ठरवून मोकळी झाली. बिल्डर म्हणायला लागला २० टक्के आत्ता भरा, करारनामा नंतर करू, आणि मी खरंच चेक लिहायला बसले होते. बरं झालं त्या आदल्या रात्री कागद घेऊन खाली तुमच्याकडं आले.

तुम्ही रिटायर होऊन कितीतरी वर्षं झालीत पण सातबारा हातात घेतला की बोट सरळ इतर हक्काच्या रकान्यावर. तिथं बँकेचा बोजा. बिल्डर सांगत होता कर्ज कधीच फेडलंय, तर तुम्ही एवढंच म्हणालात, "फेडलं असतं तर सातबाऱ्यावर फेरफाराची नोंद होऊन बोजा कमी झाला असता, तो फेरफार दाखव म्हणावं." आणि रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीच्या कायद्याप्रमाणं, करारनामा नोंदवायच्या आधी बिल्डरला १० टक्क्यांच्या वर घेताच येत नाही हे पण तुम्हीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही गोष्टी विचारल्या तर बिल्डरचा फोनच लागेना. काका, तो चेक गेला असता तर आईची जमीन गेली होती हो.

मग उल्कानगरीतला हा रिसेलचा फ्लॅट. भर मे महिन्यात दुपारी तुम्ही आम्हाला तिथं घेऊन गेलात, वॉचमनला, खालच्या मजल्यावरच्या ताईंना विचारत बसलात, नळाला पाणी कितव्या दिवशी येतं, टँकर किती लागतात, बोअर कधी आटतो. जायकवाडी एवढं जवळ असून आपल्या शहरात पाण्याचे हे हाल, त्यामुळं हे विचारल्याशिवाय घर घ्यायचंच नाही हे मी आता सगळ्यांना सांगत असते. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) आणि ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट (मागचे मालक, बोजे यांचा तपास) तर तुम्ही वकिलाच्या मागं लागून मिळवलात. घर फक्त बायकांच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट, ५८ लाखांवर ५८ हजार, त्यात आमचं किचन झालं.

रजिस्ट्रीच्या दिवशीचं मात्र मी कधीच विसरणार नाही. कापूस वेचून वेचून आईच्या बोटांच्या रेषाच झिजल्यात, मशीन अंगठा घेईना, मागं लाईन वाढायली आणि आई अगदी चोरी केल्यासारखी उभी. तुम्ही रुमाल ओला करून आणलात, तिचा अंगठा पुसलात, "घाई नाही वहिनी, घर तुमचंय" म्हणालात आणि चौथ्या वेळी घेतला.

पाकीट तुम्ही परत केलंत, ठीक आहे. पण वास्तुशांतीला काकूंना घेऊन आदल्या दिवशीच यायचं, आई वाट बघायलीय. आणि इंडेक्स टूची, म्हणजे रजिस्ट्रीच्या नोंदीच्या उताऱ्याची, झेरॉक्स काढून ठेवलीय, तुम्हाला नावं नीट आलीत का ते बघायचं होतं ना. दोन्ही नावं बरोबर आलीत काका, आईचं पहिलं.