ताट वेगळं नको, लस हवी

महोदय,

टिळकवाडीत मी कॉलेजच्या पोरांसाठी खानावळ चालवते. गेल्या महिन्यात रक्तदानानंतर एकाला हिपॅटायटिस बी, म्हणजे यकृताचा विषाणूजन्य आजार, असल्याचं कळलं. लगेच बाकीचे म्हणाले, "मावशी, त्याचं ताट वेगळं ठेवा." तो अर्धी भाकरी टाकून उठला. माझ्या पोटात कालवलं.

पदवीला शिकणारी ही मुलं! हा आजार रक्तातून, असुरक्षित संबंधांतून, आईकडून बाळाला होतो. एका पंगतीत जेवून नाही. खोलीत चौघं एकच रेझर वापरतात, धोका तिथं आहे. यावर लस आहे: आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी असे ३ डोस. सरकारी लसीकरणात ती देशभर २०११ पासून आली, त्याआधी जन्मलेल्या अनेकांना मिळालेलीच नाही. लस घेतली आहे का, हे कॉलेजांनी प्रवेशावेळीच विचारावं.

त्याचं ताट मी वेगळं केलेलं नाही.

— एक खानावळवाली, टिळकवाडी, बेळगाव