टाकळा नव्हे, कासविंदा

14 ऑक्टोबर

प्रिय सुमे,

तीन महिने पत्र नाही, रागावली असशील. माझे गुडघे बरे आहेत, ह्यांचा खोकलाही थांबला. पण आज लिहायला बसले ते तुझ्या फोटोमुळे. टाकळ्याच्या शेंगा वाळत घातल्यात, बिया भाजून कॉफी करणार, नातू सोलायला बसतो, असं लिहिलंस. सुमे, त्यातला निम्मा ढीग कासविंद्याचा आहे, टाकळ्यासारखाच दिसणारा, पण बिया विषारी. आधी नातवाला तिथून उठव!

टाकळ्याची शेंग लांब, बारीक, किंचित विळ्यासारखी वाकलेली. बी तिरकस चौकटीच्या आकाराचं, कडा असलेलं, चकचकीत. कासविंद्याची शेंग चपटी, दोन्ही कडांना फिक्कट पट्टी. बी चपटं, गोलसर, निस्तेज. फोटोत डावीकडे ती फिक्कट किनार स्वच्छ दिसते. झाड उभं असेल तर पानही बघ. टाकळ्याला पर्णिकांच्या, म्हणजे एका दांड्यावरच्या छोट्या पानांच्या, तीनच जोड्या, टोकाची जोडी सर्वांत मोठी, शेंडे गोल. खालच्या पर्णिकांच्या मधोमध दांड्यावर काडीसारखी बारीक ग्रंथी उभी असते, नख लावून बघ. कासविंद्याला बहुधा चार ते सहा जोड्या, शेंडे टोकदार, आणि ग्रंथी देठाच्या अगदी बुडाशी, फुगीर. फुलावर मात्र जाऊ नकोस, दोन्हींची पिवळी, पाच पाकळ्यांची.

एवढा जीव का टांगणीला लागलाय, सांगते. पश्चिम उत्तर प्रदेशात, बिजनौरकडे, दरवर्षी पावसाळा सरला की लहान मुलं अचानक बेशुद्ध होऊन दगावायची. मेंदूज्वर म्हणून उपचार व्हायचे. 2007 च्या सुमारास संशोधन प्रसिद्ध झालं तेव्हा कळलं, मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या बिया खाल्ल्या होत्या. यकृत, स्नायू, मेंदू, तिन्हींवर घाला. मोठ्यांपेक्षा पोरांना धोका जास्त, आणि एकदा भाजून दळलं की कुठलं बी कुठलं, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. म्हणून निवडत बसू नकोस, सगळा ढीग पुरून टाक.

टाकळ्याच्या पाल्याच्या भाजीचं पाणी ओतायचं की नाही, यावर आपण किती भांडलो! तू म्हणायचीस, सत्त्व जातं. माझं अजून तेच म्हणणं: जून-जुलैतली चार-पाच बोटं उंचीची कोवळी रोपं असतील तर ओतू नको, फुलं धरल्यावर पान उग्र होतं, पोटही ढाळतं, तेव्हा उकडून पाणी काढलंच पाहिजे. खरं तर तेव्हा खाऊच नये.

परसात पेरलेलं उगवलं नाही म्हणालीस. टाकळ्याच्या बियांचं साल कठीण, पाणी आत शिरत नाही. वाळूच्या कागदावर हलकं घासून रात्रभर भिजव, मग पेर. वर्षायू झाड ते, एकदा बी पडलं की पुढं पुढं आपोआप येत राहील.

नव्या घराचं अभिनंदन, सूनबाईंना आशीर्वाद. ढीग पुरलास की लगेच कळव, रात्री उशीर झाला तरी चालेल.

तुझी,
विजू